रफच्या फोल्डरमध्ये वापी

तुर्भ्याच्या आमच्या लॅबमध्ये एसी आला तो माणसांसाठी नाही, कॉम्प्युटरसाठी. हे आधी नीट ध्यानात घ्या. आम्ही जिवंत माणसं पत्र्याच्या छपराखाली वर्षानुवर्षं गोंद शिजवत होतो आणि गोंदाबरोबर स्वतःही शिजत होतो, त्याचं कंपनीला कधी काही वाटलं नाही. पण एका सकाळी खोलीच्या कोपऱ्यात काचेची केबिन उभी राहिली, तिच्या खिडकीत एसी घुरघुरू लागला, आणि आत, अंगभर कव्हर पांघरून, नव्या नवरीसारखा कॉम्प्युटर बसला. दारावर आमच्या सरांनी पाटी लावली: ‘चपला बाहेर काढून आत यावे.’

त्या दिवसापासून आमची संशोधनावरची निष्ठा एकाएकी वाढली. जो तो नोंदी करायला आत. एवढासा आकडा टाकायला गेलेला माणूस पाठीवरचा शर्ट पूर्ण सुकवूनच बाहेर यायचा. कारखान्यातली, ज्यांचा लॅबशी काडीचा संबंध नव्हता अशी माणसंसुद्धा ‘कॉम्प्युटर कसा असतो ते बघू तरी’ म्हणून चपला काढून भाविकपणे आत यायची आणि एसीसमोर डोळे मिटून उभी राहायची.

नव्वदच्या दशकातली ती शेवटची वर्षं. आम्ही लॅबमध्ये तिघंच. एक आमचे सर: सांगलीकडचे, निवृत्तीला आलेले, शिस्तीचे, आणि अक्षर असं की लग्नपत्रिका छापणाऱ्यांनी येऊन शिकावं. दुसरा माझ्या शेजारच्या टेबलावरचा केमिस्ट: उरणकडच्या समुद्रकाठच्या मुसलमान घरातला, हाताने अत्यंत जपून काम करणारा आणि जिभेने अजिबात नाही. आणि तिसरी मी. नेरूळला नवं कोरं घर, नवरा वाशीला नोकरीला, आणि मी रोज सकाळी डबा घेऊन तुर्भ्याला गोंद शिजवायला.

गोंद म्हणजे चपलांचा, लेबलांचा, लाकडाचा. आणि आता कंपनीने नवीन टूम काढली होती: टिकलीचा. कुंकू लावणाऱ्या बाया झपाट्याने टिकलीकडे वळत होत्या, आणि टिकली बनवणाऱ्यांना हवा होता असा गोंद, जो कपाळावर दिवसभर टिकेल आणि कपाळाला त्रास देणार नाही.

आता यात तिढा असा होता की कंपनीच्या लॅब दोन होत्या. एक आमची, एक वापीला. दोघींना एकच काम दिलेलं. फोर्टच्या हेड ऑफिसातल्या साहेबांनी मीटिंगमध्ये स्वच्छ शब्दांत सांगून टाकलं होतं, “दोन लॅब पोसणं आता जमणार नाही. टिकलीचा गोंद ज्यांचा चांगला, ती लॅब राहील. दुसरीला कुलूप.” आणि म्हणूनच कॉम्प्युटर आला होता. दोन्ही लॅबनी आपापल्या प्रयोगांच्या नोंदी त्यात करायच्या, दोघांनी एकमेकांच्या वाचायच्या, आणि साहेबांनी फोर्टात बसून दोघांच्या वाचायच्या.

कुलूप आमच्या दाराला लागलं असतं तर सरांना वेळेआधीच घरी जावं लागलं असतं. मला कंपनी म्हणाली असती, वापीला या. म्हणजे सभ्य भाषेत, घरी बसा. आणि मला ही नोकरी हवी होती. त्यामागे काही थोर कारण नाही. काल पातळ राहिलेला गोंद आज दाट होतो का हे बघायला सकाळी जिना चढताना जी धडधड व्हायची ना, ती मला हवी होती.

कॉम्प्युटर बसवायला वाशीच्या दुकानातून एक इंजिनिअर आला होता. त्याने पडदा उजळवला आणि जादूगाराच्या थाटात सुरुवात केली. “ही तुमची इलेक्ट्रॉनिक नोटबुक. इथे लिहायचं. तारीख-वेळ ती स्वतः टाकते. सेव्ह केलं की पुसता येत नाही, बदलता येत नाही. संध्याकाळी एसटीडीचे दर उतरले की हा मोडेम वापीला फोन लावणार. तुमचं तिकडे, त्यांचं इकडे. दोघांच्या फोल्डरला नावं सारखी असली की झालं, सगळं एकत्र दिसणार.”

सरांनी बाकी काही ऐकलंच नाही. “पुसता येत नाही?”

“नाही सर. तीच तर गंमत आहे.”

“मग रफ कुठे करायचं?”

इंजिनिअर गोंधळला. तुम्ही गोंधळणार नाही. तुम्हीही शाळेत गेला आहात. आपल्याकडे माणूस आधी रफ वहीत लिहितो आणि मग फेअर वहीत. रफ वहीत सांडलेलं अ‍ॅसिड असतं, चुकलेली वजाबाकी असते, मास्तरांचं चित्र असतं. फेअर वहीत समास आखलेला असतो आणि प्रयोग पहिल्याच फटक्यात यशस्वी झालेला असतो. आमचे सर तर फेअरचे सम्राट. त्यांच्या फेअर वहीत गेल्या कित्येक वर्षांत एकही गोंद फसलेला नव्हता.

“सर, जे होतं ते सरळ यातच लिहायचं,” इंजिनिअर म्हणाला.

“सरळ? म्हणजे चुकलेलंसुद्धा? साहेबांनी वाचायला?” सरांचा आवाज चढला. “ते काही नाही. आम्हाला एक रफचं वेगळं करून द्या.”

त्याने डोकं खाजवलं, दोन-चार कळा दाबल्या, आणि पडद्यावर शेजारी-शेजारी दोन फोल्डर उगवले. एकाचं नाव ‘फेअर’, दुसऱ्याचं ‘रफ’. सर प्रसन्न झाले. इंजिनिअरला चहा मिळाला. आणि ‘हे रफ फक्त आमच्यापुरतंच ना?’ हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नाही. रफ वही दुसऱ्याला दाखवतं का कधी कोणी?

झालं, टिकल्यांचे प्रयोग सुरू झाले.

फेअरमध्ये सर मला इंग्रजीत मजकूर सांगायचे आणि मी टाइप करायचे. त्याचा अर्थ साधारण असा: ‘सर्वसाधारण परिस्थितीत टिकलीचा चिकटपणा समाधानकारक.’ आता सर्वसाधारण परिस्थिती म्हणजे काय, तर मी केबिनमध्ये एसीखाली कपाळावर टिकली लावून मान न हलवता बसलेली असायची. त्या परिस्थितीत बिनगोंदाची टिकलीसुद्धा टिकली असती.

रफमध्ये मात्र मोकळं रान होतं. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत, मी मनाला येईल तसं लिहीत सुटले. आमच्या सोसायटीखाली सारसोळ्याची एक मावशी मासे विकायला बसायची. दिवसभर ऊन, बर्फाचं पाणी, घाम, वाकणं, ओरडणं, गिऱ्हाइकांशी भांडणं. मी म्हटलं, टिकलीची परीक्षा घ्यायला याहून कडक जागा भूतलावर नाही. तिला मी टिकल्यांचं पाकीट दिलं आणि दुसऱ्या दिवशी विचारायला गेले.

मला बघताच ती पाटीमागून कडाडली, “काय गो बाय, कसली टिकली दिलीस मना? पाटीवर वाकली, तर परली ती पापलेटावर! गिऱ्हाईक बोलतंय, मावशे, पापलेटाचं लगीन हाय काय?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“बोलली, हाय ना! तुज्या घरच्या कालवनाशी!”

हे सगळं मी जसंच्या तसं रफमध्ये उतरवलं. पापलेटाच्या लग्नासकट.

शेजारच्या टेबलावरचा माझा जोडीदारही मागे नव्हता. “आमच्या घरात टिकली लावणारं कोणी नाही, तर मीच लावतो,” म्हणून तो लॅबमध्ये स्वतःच्या कपाळावर टिकली चिकटवून काम करायचा. एकदा काढायलाच विसरला आणि तसाच बसने घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याने रफमध्ये गंभीरपणे नोंद केली: ‘टिकली बसमध्ये टिकली. कंडक्टरने दोन वेळा बघितलं, तिकीट एकदाच दिलं. घरी अम्मी हसून हसून खाटेवर आडवी. अम्मीने हसता हसता पाठीत धपाटा घातला तेव्हा टिकली पडली. निष्कर्ष: धक्का सहन होत नाही.’

खरी परिस्थिती ही अशी होती. आमची टिकली कपाळाला अजिबात त्रास द्यायची नाही, कारण ती कपाळावर राहायचीच नाही.

आणि वापीची? रोज सकाळी फेअर उघडलं की वापीच्या नोंदी आलेल्या असायच्या. ‘चिकटपणा उत्तम. घामात टिकते. त्वचेवर कोणताही परिणाम नाही.’ वापीच्या लॅबच्या प्रमुख एक बेन होत्या. मीटिंगमध्ये सरांशी त्यांची नेहमी जुंपायची. त्यांच्या नोंदी वाचून सर म्हणायचे, “बाई, आपलं काही खरं नाही हो.” मग हाताला लागेल ती बरणी पुसत बसायचे.

आणि मग ती सकाळ आली.

पापलेटाच्या नोंदीत मला गोंदाचा नमुना कुठला होता ते बघायचं होतं. मी चपला काढल्या, आत गेले, रफ उघडलं. माझ्या नोंदीच्या खाली एक नोंद होती, जी मी लिहिलेली नव्हती. माझ्या जोडीदाराचीही नव्हती, कारण ती हिंदीत होती.

‘आज फिर खुजली. बेन का माथा लाल टमाटर.’

त्याखाली: ‘पट्टेवाले की बीवी ने टिकली वापस फेंक के मारी. बोली, ये टिकली है कि बिच्छू.’

त्याखाली: ‘टिकली निकालने को केरोसीन लगाया. टिकली नहीं निकली. अभी माथे से केरोसीन का बास आता है.’

मी किंकाळी फोडली. खरोखर फोडली. जोडीदार हातात ढवळायची काचेची कांडी घेऊन धावत आला, तसाच, चपला घालून. “काय झालं? स्फोट?”

“वाच!”

तो वाचू लागला. मोठ्याने. प्रत्येक नोंदीगणिक त्याचा आवाज वर चढत होता. ‘बिच्छू’पर्यंत आल्यावर तो जमिनीवरच बसला. मीही त्याच्या शेजारी बसले. आम्ही दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं आपटत हसत होतो, आणि काचेतून बाहेरचे कामगार बघत होते की एसीने या दोघांचं नेमकं काय केलं.

झालं होतं असं: वापीला कॉम्प्युटर बसवायला तोच इंजिनिअर गेला होता. आणि तिथे बेननी त्याला पहिला प्रश्न विचारला होता: ‘तो रफ किधर करने का?’ त्याने तिथेही तेच केलं. तेच नाव, तसाच फोल्डर. इतके दिवस एसटीडीची लाइन फेअर पाठवून होताच तुटायची. रफची पाळी आलीच नव्हती. काल संध्याकाळी पहिल्यांदा लाइन शेवटपर्यंत टिकली, आणि वापीच्या पोटातलं सगळं आमच्याकडे येऊन पडलं.

सर आले. त्यांनी चपला काढल्या, चष्मा घातला, वाचलं. ओठ आवळून हसू दाबायचा प्रयत्न केला. तो फसला. “त्वचेवर कोणताही परिणाम नाही म्हणे!” ते ठसका लागेपर्यंत हसले. आणि हसता हसता अचानक गप्प झाले.

“थांबा. त्यांचं जर आपल्याकडे आलंय...”

एसी घुरघुरत होता.

“...तर आपलं त्यांच्याकडे गेलंय,” मी म्हटलं.

“पापलेट?” सरांनी क्षीण आवाजात विचारलं.

“पापलेट, कालवण, अम्मी, कंडक्टर. सगळे वापीला पोचले सर,” जोडीदार म्हणाला.

सर खुर्चीत बसले. जोडीदार मात्र आता वेगळ्याच रंगात आला होता. “सर, घाबरताय कशाला? याची प्रिंट काढू. आत्ताच्या आत्ता फोर्टला पाठवू. बिच्छू वाचल्यावर साहेब वापीला स्वतःच्या हाताने कुलूप लावतील.”

“आणि त्यांनी आपलं पापलेट पाठवलं म्हणजे?”

“जो आधी पाठवेल तो जिंकेल!”

खोटं कशाला सांगू, माझा हात प्रिंटरकडे गेलाच होता. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. एसटीडीची ती लांब घंटी. सरांनी असा उचलला जसं गरम चंचुपात्र उचलतात.

पलीकडचा आवाज एवढा खणखणीत की आम्हाला तिथूनच ऐकू येत होता. “हॅलो भाई, वापी से बोल रही हूँ.”

“बोलो बेन, क्या काम निकाला?” सरांचं हिंदी सांगलीहून थेट आलेलं होतं.

“काम कुछ नहीं. वो पापलेट की शादी कब है? हमको न्योता नहीं मिला.”

सरांचे कान लाल झाले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. मी हातानेच खूण केली, सोडू नका. आणि, मंडळी, आमच्या या शिस्तीच्या माणसाने काय टोला हाणला!

“न्योता भेजते थे बेन, पण म्हटलं आपके कपाळ का टमाटर उतरने दो. फोटो में लाल दिखेगा.”

पलीकडून हसण्याचा असा धबधबा कोसळला की सरांनी फोन कानापासून लांब धरला. बेन एकट्या नव्हत्या, त्यांची अख्खी लॅब हसत होती. मग आम्हीही हसलो. दोन राज्यांतल्या दोन लॅब, एसटीडीचं मीटर पळतंय, आणि कुणीही एक शब्द बोलत नाहीये.

हसू ओसरल्यावर बेनचा आवाज बदलला. “भाई, सच बोलूँ? तुम्हारा फेअर देख के मैं रोज मेरी लड़कियों पे चिल्लाती थी, कि तुर्भा को जमता है, तुमको क्यों नहीं जमता.”

सर हळूच म्हणाले, “हम भी.”

“एक बात बताओ. तुम्हारे रफ में खुजली एक बार भी नहीं लिखी. वो सच्ची बात है, कि रफ में भी फेअर किया है?”

“सच्ची बात है बेन. हमारा गिरता है, पण खाजता नहीं.”

“हमारा खुजाता है, पण गिरता नहीं,” बेन म्हणाल्या. आणि दोघंही एकदम गप्प झाले. ती शांतता मला आजही आठवते, कारण तिच्यात दोन म्हातारी केमिस्ट डोकी एकाच वेळी फिरायला लागलेली मला ऐकू येत होती.

मग सुरू झालं ते. वापीचा गोंद घट्ट व्हायचा तो त्यात घातलेल्या राळेमुळे, आणि खाजही त्या राळेचीच होती. बेनच्या रफमध्ये एक नोंद होती, आम्ही हसण्याच्या नादात नुसती नजरेखालून घातलेली. त्यांनी मध्ये दुसऱ्याच एका जातीची राळ वापरून बघितली होती. तिची खाज अजिबात यायची नाही. पण त्यांच्या गोंदात ती मिसळायचीच नाही, गुठळ्या व्हायच्या, म्हणून त्यांनी ती टाकून दिली होती. फेअरमध्ये अर्थातच तिचा उल्लेखही नव्हता. फसलेलं कोण फेअर करतं?

सर मधेच म्हणाले, “बेन, फोन रखो. मैं लिखता हूँ.”

आणि आमच्या डोळ्यांदेखत हा माणूस, ज्याने तोवर कीबोर्डला बोट लावलं नव्हतं, जो मला शेजारी बसवून मजकूर सांगायचा, तो खुर्ची पुढे ओढून बसला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, रफमध्ये टाइप करू लागला. ‘गुठळी कितने डिग्री पर?’ एवढं लिहायला त्यांना इतका वेळ लागला की जोडीदार चहा पिऊन आला. पण ते सरांनी स्वतः लिहिलं. आणि संध्याकाळपर्यंत न थांबता मला म्हणाले, “लावा आत्ताच लाइन. होऊ दे बिल.”

पुढचे दिवस म्हणजे नुसती धमाल. सकाळी मी जिना धावत चढायचे, कारण रात्रीतून रफमध्ये वापीचं काय आलंय ते बघायचं असायचं. ती राळ आमच्या पातळ गोंदात मिसळत होती! गुठळी नाही, काही नाही, साखर दुधात विरघळावी तशी. पण किती घालायची, किती तापवायची, सुकवायची कशी, ते घासाघीस करून ठरत होतं. एक प्रमाण आम्ही करायचो, दुसरं ते करायचे. आम्ही लिहायचो, ‘आज टिकली दुपारपर्यंत राहिली, मग गालावर उतरली.’ खाली वापीचं उत्तर, ‘गाल पे भी अच्छी लगती होगी. राळ थोड़ी बढ़ाओ.’ ते लिहायचे, ‘आज हल्की सी खुजली, मगर शायद मच्छर.’ खाली माझ्या जोडीदाराचं, ‘मच्छराचं कपाळ तपासा.’ आणि सर एका बोटाने दोघांच्या मध्ये घुसायचे, ‘विषय पर रहो.’

मग एक नमुना असा आला की तो घेऊन मी त्याच संध्याकाळी मावशीकडे धावले. दुसऱ्या दिवशी गेले तर मावशी माझ्याकडे बघतच नव्हती, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होती.

“मावशी, टिकली?”

“काय टिकली?”

“पडली?”

“डोले हायत ना तुला? कपालावर काय हाय मंग?” ती म्हणाली. “काल लावलेली. आंघोल झाली, बाजार झाला, नवऱ्याशी भांडन झालं. हाय तिथंच हाय.”

“खाजते?”

“खाजली आसती तर काढून तुज्या तोंडाला लावली आसती मी.”

मी तिथेच उडी मारली. मासे घ्यायला आलेल्या माझ्या शेजारणीने हे पाहिलं आणि नंतर सोसायटीत काय काय सांगितलं ते जाऊ दे.

पण आता खरी पंचाईत उभी राहिली. गोंद तर जमला. साहेब दोन दिवसांनी आमच्याकडे येणार होते, फेअरच्या प्रिंट घेऊन. त्यांच्या कॉम्प्युटरवर रफ नव्हतंच. साहेबाला रफ कशाला लागतं? म्हणजे त्यांच्या लेखी या नव्या गोंदाचा जन्मच झाला नव्हता. तो फेअरमध्ये जो आधी चढवेल, त्याचा.

“सर,” जोडीदार हळू आवाजात म्हणाला, “आज संध्याकाळी आपण फेअरमध्ये टाकला तर?”

सरांनी एक बरणी पुसायला घेतली.

“मिसळला आपल्याकडेच ना? गोंद आपला.”

“राळ त्यांची,” सर म्हणाले.

“पण त्यांनी आज टाकला तर? आपण बघत बसायचं? मॅडम, तुमी बोला ना काहीतरी.”

मी काय बोलणार? माझ्या डोळ्यांसमोर लॅबच्या दाराला लटकणारं कुलूप होतं. दुसरीकडे वापीच्या त्या मुली होत्या ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, पण ज्यांच्या कपाळावरच्या केरोसीनचा वास मला इथे तुर्भ्यात येत होता. मी म्हटलं, “सर, तुम्ही सांगाल तसं टाइप करते.”

सरांनी पुसलेली बरणी फळीवर ठेवली. मग म्हणाले, “कॉम्प्युटर बंद करा. घरी जा.”

मी घरी गेले. सकाळी लॅबमध्ये पोचले तर सर माझ्याआधीच आलेले. आम्ही तिघांनी चपला काढल्या. मी फेअर उघडलं. वापीच्या नोंदीपर्यंत खाली गेले. शेवटची नोंद जुनीच होती. काही नवीन नव्हतं. मी पुन्हा एकदा वरून खाली बघितलं.

“नाही टाकला,” मी म्हटलं.

“बेननेपण नाही टाकला,” जोडीदार म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा काही भाव होता की त्याची थट्टा करायला मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. हातात फेअरच्या प्रिंटचा गठ्ठा. “दोन्हीकडे सगळं उत्तमच दिसतंय,” ते कंटाळून म्हणाले. “मग निवडू कसं मी? नमुना दाखवा.”

सर म्हणाले, “साहेब, त्या गठ्ठ्यातला नमुना दाखवण्यात अर्थ नाही. आमची टिकली पडते. वापीची खाजते. जी टिकते, ती इथे आहे. आत या. चपला बाहेर.”

साहेबांनी बूट काढले. ते काढायला त्यांना वाकावं लागलं, आणि सरांसमोर वाकलेले साहेब हे दृश्य मी मनात जपून ठेवलं आहे. मी रफ उघडलं. साहेब उभ्यानेच वाचू लागले, मग खुर्ची ओढून बसले. एकदा त्यांच्या नाकातून हसू निसटलं. मला वाटतं, मच्छराच्या कपाळाजवळ. मग ते पुढे पुढे जात राहिले. आमची नोंद, वापीची नोंद, आमची, वापीची, दोन वापीच्या, एक आमची, त्यावर त्यांचं, त्यावर सरांचं. खाली आले की परत वर.

“हा गोंद केला कोणी?” त्यांनी शेवटी विचारलं.

सरांनी पडद्याकडे बोट दाखवलं. “ते तुम्हीच सांगा साहेब. आम्हाला नाही सांगता येत.”

“मला एक लॅब बंद करायची आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे. पण राळ तिकडे जमते, गोंद इकडे. उद्या प्रमाण बिघडलं तर इकडून तिकडे विचारावं लागणार. कुठलंही दार बंद करा, टिकली पडेल.”

साहेबांनी पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं. जोडीदाराने काचेची कांडी दोन्ही हातांनी धरली होती.

“मला फोर्टात हे का दिसलं नाही?” साहेबांनी एकदम विचारलं.

“तुम्ही रफ मागितलंच नाही साहेब,” मी म्हटलं. सरांनी डोळे मिटले. मला वाटलं, गेली नोकरी.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग गठ्ठ्याकडे. मग तो गठ्ठा त्यांनी टेबलावर उलटा ठेवला. “त्या इंजिनिअरला बोलवा. माझ्याकडेही हे द्यायला सांगा. आणि टिकल्यांचा सीझन निघेपर्यंत दोन्ही लॅब राहू देत. पुढचं पुढे बघू.”

ते ‘पुढे बघू’ पुढे कितीतरी वर्षं चाललं.

साहेबांची गाडी फाटकाबाहेर वळते न वळते तोच सरांनी फोन ओढला आणि वापीचा नंबर फिरवला. “बेन! दोनों! दोनों लॅब!” ते इतक्या मोठ्याने ओरडले की एसटीडीशिवायही ऐकू गेलं असतं. पलीकडून आरडाओरडा, टाळ्या, काहीतरी धातूचं पडल्याचा आवाज. माझा जोडीदार टेबलावर ताल धरून नाचत होता. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी होते, आणि उद्या सकाळी मला याच जिन्याने वर यायचं आहे, एवढंच मनात घुमत होतं.

मग आवाज ओसरला आणि बेन म्हणाल्या, “अच्छा है. अब बैठो भाई. कल का तुम्हारा सुखाने का टाइम मैंने देखा. एकदम गलत है.”

“गलत कैसे?” सरांनी खुर्ची ओढली. “बेन, आपकी तो राळच कच्ची थी!”

आणि दोघं भांडायला बसले.